अल्टीमीटर बांधताना

पहिला गेला तो टेपमुळे.
दुहेरी टेप, साकोलीहून आणलेली, तीस रुपयांची.
नाकाच्या आत चिकटवून वरून बोटानं दाबत बसले होते
पाच मिनिटं, घड्याळ लावून.
वर जाऊन नळी उघडली, छत्री बाहेर पडली,
आणि त्या एका झटक्यात तो सुटला,
बोरीच्या बीएवढा,
बांधापलीकडच्या लाखोरीत कुठेतरी.

तीन दिवस शोधला.
शेंगा तोडणाऱ्या बायाही वाकून बघायच्या,
"कसा दिसते वो तो?"
निळा, मी म्हणायचे, एका कडेला भोक आहे.
सोमाकाकूला सापडलं ते शर्टाचं बटन.
किती उंचीचा आकडा पोटात घेऊन
तो तिथं पडला असेल, कोण जाणे.
पुढे लाखोरी निघाली, वावर नांगरलं.

दुसरा आला तेव्हा वैशाख.
तळ्यात गुरं आरपार चालत जायची.
बाबा ओसरीत जाळं सांधत होते,
दोर पायाच्या अंगठ्यात अडकवून.
मी कागदावर लिहून काढलेलं वाचत होते, मोठ्यानं, स्वतःलाच:
हलू नये. पण कोंडूही नये.
हवेचा दाब मोजून तो उंची सांगतो,
म्हणून त्याच्या खोलीला भोकं, तीन,
सारख्या अंतरावर, सुईच्या जाडीची.
खालून धूर येईल, जाळ येईल,
म्हणून मध्ये पडदी.

बाबांनी हात न थांबवता विचारलं,
"जीव हाये का त्यात?"
"बॅटरी आहे."
"मंग सास लागनच."

मग तो तळहातावर घेतला,
पिल्लू मासा घेतात तसा, बोटं किंचित वर करून.
"टेपनं कोनी मासा बांधते का पोरी?"
जाळ्याचाच नायलॉन, हातभर तोडला,
भोकातून ओवला, दोन वेढे, एक उलटा,
आणि गाठ तशीच सोडून दिली, ओढलीच नाही.
सैल आहे, मी म्हटलं.
"झटका बसू दे. झटक्यानं आवरते ते."
टोकाला काडी लावून थेंब केला,
थुंकीच्या बोटानं दाबला.
दुसरं टोक मी नाकाच्या कडीत बांधलं, त्यांच्यासारखंच,
तिसऱ्या वेळी जमलं.
मासळीच्या पेटीतला थर्माकोल कापून दोन्ही बाजूंनी बसवला,
भोकं मोकळी ठेवून.
नळी कानाशी धरून हलवली.
काही वाजलं नाही.
बाबांनीही हलवली. काही वाजलं नाही.

नागपूरहून तिवसकर सर मोटर घेऊन आले.
तळ्याच्या मधोमध, जिथं आषाढात होडी लागते,
तिथं सळई रोवली.
पोरं पाळीवर उभी. दहापासून उलटे आकडे
सातपाशीच गडबडले, सगळ्यांचे वेगवेगळे,
आणि तोवर ते गेलंसुद्धा.

छत्री वाऱ्यावर सरकत सरकत
बेशरमीच्या जाळीत उतरली.
बाबाच आत शिरले, धोतर खोचून.
बाहेर आले तेव्हा नाक दोऱ्याला लोंबतंय,
आणि आत तो, जागच्या जागी,
गाठ आता दाणा झालेली, नखानं सुटणार नाही अशी,
आणि बोलतोय:
दोन. थांबला.
एक. थांबला.
सात.

दोनशे सतरा मीटर, मी ओरडले.
बाबा मीटरात मोजत नाहीत.
पाणी त्यांनी जन्मभर पुरुषात सांगितलं:
सांडव्यापाशी दोन पुरुष,
मोहाखाली अडीच,
त्या कोपऱ्यात कोणी उतरू नका.
बोटांच्या पेरांवर बराच वेळ काही जुळवलं,
मध्येच चुकले, परत धरलं.
"सव्वाशे," म्हणाले. "सव्वाशे पुरुष. जास्तच, कमी नाई."

मग मान वर केली.
कोरड्या तळाशी उभे राहून
वरच्या पाण्याकडे बघावं तसे बघत राहिले.

बॅटरी काढायला मी हात पुढे केला.
त्यांनी मूठ मिटली नाही,
पण दिलाही नाही.
दोन. एक. सात.